मोहाखालची रेंज

प्रेम, तो चार्जर आधी भिंतीतून काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. करिष्मा, तू खिडकी लाव आणि त्या नळापासून जरा लांब बस. हसा, हसा. आजोबा म्हातारे झाले, विजेला घाबरतात, असंच वाटतंय ना तुम्हाला? घाबरतोच मी. बुलढाण्यात अशी गडगड सुरू झाली की मी घरातली माणसं मोजतो. का मोजतो ते आज सांगतो. दिवे तसेही गेलेत आणि तुमचे मोबाइल अर्ध्या तासात मरणार आहेत.

गोष्ट माझ्या एका विद्यार्थ्याची आहे. इंद्रभान त्याचं नाव. जळगाव जामोदकडे एका गावात मी अकरा वर्षं मास्तरकी केली, तेव्हा तो तिसऱ्या बाकावर बसायचा आणि मी फळ्यावर लिहिलेलं उत्तरसुद्धा स्वतः पडताळून पाहायचा. असा संशयी पोरगा मी दुसरा पाहिला नाही. घर बौद्धांचं, वडील कडक. भूत, भानामती, अंगात येणं हे शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती. तो पुढे त्याच गावाचा कोतवाल झाला. गावाचं नाव सांगत नाही. यातली माणसं अजून तिथे नांदतात.

कोतवालाचं काम तुम्हाला ठाऊक नसेल. तालुक्याहून आलेला निरोप गावात प्रत्येकाच्या कानावर घालायचा. पूर्वी डफडं वाजवून दवंडी द्यायचे, आता निरोप फोनवर येतो. त्यातही विजेचा इशारा आला की कोतवालानं शेताशेतात जाऊन लोकांना घरी पिटाळायचं असतं. कारण शेतात फोन लागत नाहीत.

गावात रेंज आहे, डांबरी रस्त्याच्या फाट्यावर आहे. पण उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी जी शेतं आहेत, तिथे फोन म्हणजे नुसतं घड्याळ. टॉवर येणार, टॉवर येणार असं लोक दहा वर्षं ऐकतायत. त्या अख्ख्या शिवारात फोनला जीव येतो अशी एकच जागा. शेतवाटेवर टेकाड आहे आणि टेकाडावर एकटं मोहाचं झाड. त्याच्या बुंध्याशी उभं राहिलं की दोन काड्या येतात. दहा पावलं बाजूला झालं की संपलं. मग काय, पोरीच्या सासरची खबर, बाजारातला भाव, सगळं त्या मोहाखाली उभं राहून चालायचं.

आता नीट ऐका. आभाळ भरून आलं की विजेचा इशारा आलाय का, हे बघायलाही माणसं त्याच झाडाखाली जायची. उघड्या टेकाडावरच्या एकट्या उंच झाडाखाली. वीज पडणार आहे का, हे बघायला. अनुपमा, तुला हसू आलं, पण गावात कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. जयमाला जाईपर्यंत.

जयमालाचं शेत इंद्रभानच्या शेताला लागून. वांगी, टमाटे, मेथी, असं काहीबाही लावायची आणि पाटी घेऊन बाजारात बसायची. बांधाला बांध, म्हणून ती त्याला भाऊ म्हणायची. २०२१ च्या जून महिन्यात एके दिवशी चार वाजता तालुक्याहून इशारा आला. इंद्रभान तेव्हा एका साखरपुड्याच्या पंगतीत बसला होता. पान वाढलेलं. उठायला हवं होतं, दोन किलोमीटर जायला हवं होतं. त्यानं काय केलं, तो निरोप गावाच्या ग्रुपवर टाकला, वर तालुक्याला 'सर्वांना कळविले' असं लिहून पाठवलं आणि वरण-भात कालवला. पाचच्या सुमारास आभाळ बघून जयमाला मोहाखाली गेली. मेसेज आला का बघायला.

हातात फोन घेतलेली अशीच सापडली ती.

इंद्रभानला कुणी बोल लावला नाही. कागदोपत्री सगळं ठीक होतं. जयमालाची मुलगी डिंपल मात्र त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नव्हती. इंद्रभानची मुलगी समता आणि डिंपल जिवलग मैत्रिणी, डिंपल रोज घरी यायची, समताशी हसायची-बोलायची, आणि हा समोर आला की भिंतीकडे बघायची. तीन वर्षं. माझ्याकडे आला की तो म्हणायचा, गुरुजी, तिनं चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पोरगी एक दिवस याचा वचपा काढणार, असा संशय त्याच्या मनात घर करून बसला होता.

तर ९ ऑक्टोबर २०२४. बुधवार. दसऱ्याला तीन दिवस होते. दसऱ्याला इंद्रभान समताला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होता, म्हणून तिच्यासाठी पांढरी साडी आणायला तो दुपारी जळगाव जामोदला गेला. साडी घेतली, चहा घेतला, ओळखीच्यांशी गप्पा मारल्या, सावकाश परत निघाला. गावात शिरता शिरता सहा पस्तीसला फोन वाजला. पुढच्या तीन तासांत विजांच्या कडकडाटासह पाऊस, सोसाट्याचा वारा, बाहेर पडू नका, झाडाखाली थांबू नका. यावेळी त्यानं ग्रुपबिपचा विचारही केला नाही. सरळ ग्रामपंचायतीत जाऊन भोंग्यावरून सांगितलं आणि घरी टॉर्च घ्यायला गेला, शेतं पालथी घालायला.

घराला कुलूप. शेजारच्या रुखमाबाईनं सांगितलं की समता शेतात गेली आहे. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुडीवर, म्हणजे ढिगावर, ताडपत्री टाकायला. सोबत डिंपल आणि आणखी दोघी बाया आहेत. अजून आल्या नाहीत.

समताला आई नाही, पोरीला त्यानं एकट्यानं वाढवलेलं. त्यानं तिचा नंबर लावला. बंद. टॉर्च न घेताच तो गाडीवर बसला.

फाट्यावर पोचेपर्यंत पावसानं गाठलं. थेंब नव्हेत, खडे मारल्यासारखा पाऊस. फाट्यावर एसटीचा सिमेंटचा निवारा आहे, त्यात तो शिरला. गाडी बाहेर लांब लावली, कारण वीज चमकत असताना लोखंडापासून दूर राहायचं हे तोच लोकांना शिकवायचा. समोरून शेताची वाट जाते. अर्ध्या किलोमीटरवर टेकाड, मोह. त्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर त्याचं शेत. वाट मोहाच्या अगदी खालून जाते, दुसरी वाट नाही. दोन्हीकडे उभी तूर आणि चिखल.

त्यानं मोजायला सुरुवात केली. वीज दिसली की आकडे म्हणायचे, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. तीसच्या आत आलं तर वीज जवळ आहे, छपराखालून हलायचं नाही. हेही तोच शाळेत येऊन पोरांना सांगायचा. चमकलं. वीस आले. पुन्हा चमकलं. सतरा. नियम माहीत असलेला कोतवाल म्हणत होता थांब, आणि बाप म्हणत होता गाडीला किक मार. बाप जिंकला. तो निवाऱ्याच्या बाहेर एक पाय टाकतो तोच फोन वाजला. सात वाजून दोन मिनिटं.

समता.

"बाबा, मेसेज आला काय?"

इतका जीव भांड्यात पडला त्याचा. पण क्षणभरच. तिचा फोन लागला याचा अर्थ ती कुठे उभी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं.

"समते, तू मोहाखाली हायेस काय?"

"हाव."

तो ओरडला. निघ तिथून म्हणाला, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जा, विटांची आहे, वर स्लॅब आहे, चौघी आत शिरा आणि स्टार्टरला, पाइपला हात लावू नका. एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, निघाली. आणि तो फोन कानाला लावून उभा राहिला, तुटायची वाट बघत. फोन तुटला म्हणजे ती झाडापासून लांब गेली. आयुष्यात पहिल्यांदा रेंज जावी म्हणून तो देवाला... देव तो मानत नाही. पण तसंच काहीतरी करत होता.

दहा पावलं. फोन चालू. वीस पावलं. चालू. वीज चमकली, चौदा आले, आणि फोनमधून श्वास ऐकू येत होता, स्वच्छ, कानाशी कुणी बसल्यासारखा.

"समते, निघाली ना वं तू?"

"हाव, बाबा. लय दूर आली मी."

मग फोन कसा चालू आहे?

पोरांनो, मी तुम्हाला म्हटलं ना, फळ्यावरचं उत्तर पडताळणारा माणूस तो. त्यानं नीट कान दिला. त्याच्या निवाऱ्यावर पाऊस असा कोसळत होता की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. टेकाड अर्ध्या किलोमीटरवर. तिथेही तोच पाऊस. पण फोनमध्ये पाऊस नव्हता. वारा नव्हता. चिखलात पडणारं पाऊल नव्हतं.

भुताचा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही. त्याला आठवली डिंपल. समताचा फोन डिंपलच्या हातात असणार. आवाज काढता येतो तिला, दोघी एकमेकींच्या नकला करतात. कुठल्यातरी खोलीत बसून ही पोरगी आपला सूड उगवते आहे, आणि समता बाहेर पावसात आहे. असा राग आला त्याला, की दात खाऊन म्हणाला,

"डिंपल, तूच हायेस ना? हे खेळाची वेळ नाई, पोरी. समताले फोन दे."

त्यानं फोन कानावर आणखी दाबला.

"डिंपल?"

"...मेसेज काय आला, ते सांगा ना."

त्यानं विचारलं, नागपूरला कधी जायचं आहे? उत्तर नाही. विचारलं, आज दुपारी मी जळगावात कशासाठी गेलो होतो? उत्तर नाही. वीज चमकली. अकरा. मग फोनमधून आवाज आला. आवाज समताचाच होता. अजून समताचाच होता.

"मले इथून हालता येत नाई, भाऊ."

भाऊ.

समता बाबा म्हणते. डिंपल बोलत होती तेव्हा काका म्हणायची. त्या शिवारात त्याला भाऊ म्हणणारी एकच होती.

अंगठा आपोआप लाल बटणाकडे गेला. तेवढ्यात,

"फोन ठेवू नका."

"समता कुठी हाये?"

"आंधी मेसेज सांगा."

"माही पोरगी कुठी हाये?"

"..."

वीज. नऊ.

विचार करा त्याच्या जागी उभं राहून. फोन ठेवला आणि गाडी काढली, तर वाट त्याच झाडाखालून जाते. झाडाखाली ती. पलीकडे लेक. नाही गेला, आणि हे सगळं त्याला इथे अडकवून ठेवण्यासाठीच असलं, तर तिकडे... कशाची खात्री करणार? कुणाला विचारणार? जन्मभर प्रत्येक गोष्ट तपासून घेणारा माणूस, आणि आता तपासायला हातात एक आवाज. तोही उसना.

त्याचा त्या आवाजावर विश्वास बसला नाही, हे तो मला शपथेवर सांगतो. शेवटपर्यंत बसला नाही. पण निरोप द्यायचा राहिला होता, एवढं मात्र खरं होतं.

त्यानं सांगायला सुरुवात केली. तालुक्याहून येतो तसा, शब्दाला शब्द. घराबाहेर पडू नका. झाडाखाली, खांबाखाली थांबू नका. पाण्यात उभं राहू नका. पक्क्या घराचा आसरा घ्या.

"जवळ घर नसलं तं?"

वीज. सहा.

"मंग खाली बसायचं," तो म्हणाला. "उकिडवं. दोन्ही पाय जवळ घे. टाचेले टाच लाव."

"..."

"कानावर हात ठेव. डोकं गुडघ्यात घाल. आंग जमिनीले टेकू देऊ नको. झोपायचं नाई."

"अशी?"

"हाव. अशीच."

फोनमध्ये काहीतरी सरकलं. कपड्याचा आवाज. मग पहिल्यांदाच पाऊस ऐकू आला, आणि आवाज बदलला. समताचा राहिला नाही. जाड, थकलेला, बाजारात ओरडून बसलेला.

"बसली, भाऊ."

इंद्रभान रडत होता. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, म्हणून सांगतो. "जयमालाताई," तो म्हणाला, "म्या यायले पाह्यजे होतं. माह्या हातून चुकलं."

उत्तर नाही.

वीज.

यावेळी आकडे म्हणायला वेळच मिळाला नाही. उजेड आणि आवाज एकदमच. निवारा हादरला. टेकाडावर मोह वरपासून खालपर्यंत पांढरा झालेला त्याला दिसला... आणि मग काहीच दिसेना. कानात नुसती शिट्टी. हातातला फोन कधी पडला, त्यात पाणी कधी गेलं, कळलं नाही. तो फोन पुन्हा चालू झाला नाही.

मग तो पळाला. गाडी नाही, टॉर्च नाही. मी त्याला रागावलो, शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं असतं हे तूच सांगतोस ना? तो म्हणाला, गुरुजी, तुम्हाला लेक नाही. खरंच आहे, मला मुलगेच. मोह मधोमध चिरला होता, भर पावसात धूर निघत होता. खाली कुणी नव्हतं. तो तिथे थांबलाही नाही.

मोटारीच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. त्यानं हाक मारली, दार उघडलं, आत समता. तिच्यामागे दोघी बाया. आणि कोपऱ्यात, भिंतीला कपाळ टेकून, डिंपल.

समता त्याच्या गळ्यात पडली आणि तो तिच्या खांद्यावरून डिंपलच्या हातांकडे बघत होता. हात रिकामे. समताचा फोन समताच्याच ओढणीत बांधलेला, चार वाजल्यापासून बंद, चार्जिंग संपलेलं. डिंपल मधे बाहेर गेली होती का, हे त्यानं तिघींना वेगवेगळं विचारलं, पोलिसासारखं. तिघींचं उत्तर एकच. खोलीत आल्यापासून ती हललीसुद्धा नव्हती.

मग समतानं सांगितलं. पावणेसातला ताडपत्री बांधून झाली, आभाळ वाईट दिसत होतं, म्हणून चौघीही डिंपलचा फोन घेऊन मोहाकडे निघाल्या. मेसेज आला का बघायला. तुम्हाला काय वाटलं, तीन वर्षांत सवय मोडते? टेकाडाच्या पायथ्याशी पोचल्या तेव्हा वीज चमकली आणि मोहाखाली एक बाई उभी दिसली. फोन कानाला. दुसऱ्या हातानं ती यांना मागे लोटत होती, या नका, या नका, असं. यांना वाटलं, कुणीतरी गावातली आहे, तिला मेसेज मिळाला. म्हणून त्या उलट फिरल्या आणि खोलीत येऊन बसल्या. ओळखलं का तिला, म्हणून इंद्रभाननं विचारलं. समता म्हणाली, तोंड दिसलं नाही.

रात्री दहा वाजता पाऊस जरा ओसरल्यावर सगळे घरी निघाले, तेव्हा वाटेत डिंपलनं इंद्रभानचा हात धरला आणि गावापर्यंत सोडला नाही. चिखल होता म्हणून धरला असेल. इंद्रभानला तेही नक्की ठरवता आलं नाही.

त्या दिवसापासून तो इशारा आला की पायी जातो. प्रत्येक शेतात, प्रत्येक माणसापाशी. ऐकलं, असं समोरच्यानं तोंडानं म्हटल्याशिवाय हलत नाही. लोक वैतागतात त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाव मोहापाशी जमलं. इंद्रभाननं आधी घरोघर जाऊन डोकी मोजली होती. कुणी कमी नव्हतं. आदल्या संध्याकाळी आपल्या घरची कुठलीही बाई तिकडे गेली नव्हती, असं प्रत्येक घर सांगत होतं. तरी बाई दिसली म्हणतात, तेव्हा झाडाखाली बघायला हवं, म्हणून सगळे गेले. मग पुन्हा रात्रभर कोसळलेल्या पावसानं टेकाड धुऊन निघालं होतं. इंद्रभानची स्वतःची धावती पावलंसुद्धा वाटेवर राहिली नव्हती. जळकी पानं, ढलप्या आणि सपाट, गुळगुळीत चिखल.

चिरलेल्या बुंध्यापासून हातभर अंतरावर दोन अनवाणी पावलं उमटलेली होती. बाईची. बोटभर खोल, कडा कोरल्यासारख्या साफ. तिथवर येणारं एकही पाऊल नव्हतं आणि तिथून जाणारंही नव्हतं. नुसती दोनच, शेजारी शेजारी, बोटांवर भार टाकून कुणीतरी उकिडवं बसल्यासारखी.

टाचेला टाच लावलेली.